जेझुइट विद्याजीवन : चौल ते मुंबई

पेण आणि रोहा तालुक्यांत कॅथलिक विद्यापीठ नाही. कॅथलिक विद्यापरंपरेचा रायगड जिल्ह्यातील जुना माग रोह्यावरून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते तिथे, रेवदंड्याच्या कोटात लागतो. पोर्तुगीज चौल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तटबंद नगरात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च आणि महाविद्यालय चालवले. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले आणि ते विद्याजीवन संपले. राज्य गेले म्हणून शाळा गेली, हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती राहिली, उपासना राहिली, मराठीचे दाट संस्कार झालेली पोर्तुगीज वळणाची बोलीही घराघरांत राहिली. विद्या मात्र कोटाबाहेर, लोकांच्या भाषेत रुजलीच नव्हती. यावर फादर थॉमस स्टीफन्स यांचा दाखला देऊन कोणी म्हणेल की, जेझुइट त्या काळीही मराठीत लिहीतच होते. खरे आहे, पण गोव्यात १६१६ मध्ये छापलेले त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ हा या मताला छेद नसून आधारच आहे. लोकभाषेत उतरलेले तेवढे पोर्तुगीज सत्तेनंतरही वाचले गेले.

इथल्या मातीत रुजते तीच विद्या टिकते, ही गोष्ट मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात (स्थापना १८६९) अधिक ठळकपणे दिसते. ते स्वतंत्र विद्यापीठ म्हणून नव्हे, तर मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहून वाढले. स्पॅनिश जेझुइट फादर हेन्री हेरास (१८८८–१९५५) १९२२ मध्ये तिथे इतिहास शिकवू लागले आणि १९२६ मध्ये त्यांनी संशोधनसंस्था काढली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विजयनगरचे अरविडू घराणे, पल्लव, सिंधू लिपी हे त्यांचे विषय. धर्मगुरूने केलेले संशोधन धर्मप्रसाराच्या सोयीचेच असणार, ही शंका गैर नाही. पण पल्लवांच्या वंशावळीतून मिशनला काय मिळणार होते? त्यांनी लावलेले सिंधू लिपीचे वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही, तेही पुराव्याच्या कसोटीवर, पंथाच्या नव्हे.

कलेच्या बाबतीत इथल्या मातीत रुजण्याची ही वाट अधिक खडतर होती. गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली. हेरास यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, पण अनेक कॅथलिकांना ती चित्रे रुचली नाहीत. नुसता पोशाख बदलून श्रद्धा देशी होते का, हा आक्षेप वजनदार आहे. मात्र गणेशमूर्ती घडवणाऱ्या पेणमध्ये कोणी असे म्हणणार नाही की, मूर्तीचे डोळे आणि बैठक या केवळ सजावटीच्या बाबी असतात. भक्ताची ओळख तिथूनच सुरू होते. फोन्सेकांना पुण्यात दीर्घकाळ आसरा दिला तो अँग्लिकन आश्रमाने, ख्रिस्त प्रेम सेवा संघाने. कॅथलिक विद्याजीवनाच्या बाजूने बोलताना हे विसरता येत नाही. पुढे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या जेझुइट संस्थेकडे आला.