एका भयकथेचे तीन शेवट

भयकथेवरील चित्रपटाचा शेवट मूळ कथेहून विदारक असला, की तो दिग्दर्शकाचा स्वैरपणा मानला जातो. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या ‘हू गोज देअर?’ (१९३८) या अमेरिकन दीर्घकथेचा इतिहास मात्र वेगळे सुचवितो. अंटार्क्टिकातील संशोधनतळावर बर्फात सापडलेला परग्रहावरील जीव कोणत्याही माणसाचे हुबेहूब रूप घेतो. अखेर रक्तचाचणीने तोतये उघडकीस येतात आणि माणूस वाचतो. ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ (१९५१) या चित्रपटाने रूप घेण्याची कल्पनाच वगळली. शीतयुद्धकालीन या कृतीत शत्रू बाहेरचा व ओळखू येणारा आहे. एकजुटीने तो मारला जातो. जॉन कार्पेंटर यांच्या ‘द थिंग’ने (१९८२) ती कल्पना आणि रक्तचाचणी दोन्ही परत आणली, परंतु चाचणीने दिलेली खात्री शेवटपर्यंत टिकू दिली नाही. जळून गेलेल्या तळावर, गोठविणाऱ्या थंडीत उरलेल्या दोघांना समोरचा माणूसच आहे का, हे कळत नाही. प्रदर्शनकाळी बहुतांश समीक्षकांनी झिडकारलेला हा चित्रपट पुढे अभिजात ठरला. कथेच्या अधिक जवळ गेलेली कृतीच तिच्या आशेपासून अधिक दूर गेली, हे येथे लक्षणीय ठरते. कारण मूळ भय संशयाचे होते. म्हणून माध्यमांतराची निष्ठा केवळ शेवटावरून नव्हे, तर त्या मूळ भयावरून तपासणे उचित ठरेल.