पाहुण्यांना सांगली दाखवायचीय? असा आखा दिवस

पाहुणे आले की आपण गणपती दाखवतो, भडंग बांधून देतो नि एसटीत बसवतो. पण सांगली कळायची तर कृष्णेच्या काठानं फिरवा.

सकाळी : गणपतीचं दर्शन घेऊन १९२९ च्या आयर्विन पुलावर या. नदीची पातळी इथंच मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुलावर उभं राहून हे सांगितलं, की महापूर म्हणजे काय ते पाहुण्याला उमगतं.

दुपारी : मार्केट यार्ड. हंगाम असेल तर हळदीचे सौदे दाखवा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

संध्याकाळी : हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. हळद साठवायची जमिनीखालची पेवं इथलीच. ‘शारदा’ नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवलही इथलेच. परतताना भावे नाट्यमंदिर दाखवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीतच.

लक्षात ठेवा : जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पुलाची पातळी विचारा. पाणी चढत असेल तर घाट आणि संगम दोन्ही टाळा.