मुंबईचा प्लेग आणि नगरपालिकेचा आरोग्याधिकार

आरोग्याचे कायदे अधिकार किती देतात हें त्यांच्या कलमांवरून कळतें. ते अधिकार प्रत्यक्षांत कोणावर चालतात, हें मात्र इतिहासालाच विचारावें लागतें. मुंबईच्या १८९६ सालच्या प्लेगाचें उदाहरण या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

१८८८ च्या कायद्यानें मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरास दिलेले अधिकार थोडेथोडके नव्हते. गटारें दुरुस्त करविणें, उपद्रवकारक घाण काढविणें, मनुष्यवस्तीस अयोग्य असें घर बंद करविणें, हें सारें त्याच्या हातीं होतें. हे अधिकार मुख्यतः घरमालकाच्या मिळकतीवर रोखलेले. परंतु कॉर्पोरेशनच्या ७२ सभासदांपैकीं निम्मे करदाते निवडून देत, आणि करदात्यांत घरमालकांचें वजन मोठें. चाळींना उजेड व वारा मिळावा म्हणून नियम कडक करूं म्हटलें, कीं मिळकतीच्या हक्काची ढाल पुढें येई. इकडे गिरण्या वाढत गेल्या, कोंकणांतून व घाटावरून मजूर येत राहिले, आणि कोंदट खोल्या भरत गेल्या.

सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवींत प्लेग ओळखला, आणि निजलेले अधिकार एकाएकीं जागे झाले. गटारें खाऱ्या पाण्यानें व कार्बोलिकानें धुतलीं, घरांना चुना दिला, उजेडासाठीं छपरें फोडलीं. ६ ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यानें कमिशनर स्नो यांनीं रोग्यास सक्तीनें इस्पितळांत हलविण्याची सत्ता घेतली. कायद्याचा रोख येथें घरावरून माणसावर वळला. चाळ बांधली मालकानें. पण घराबाहेर ओढला जाऊं लागला तो भाडेकरी.

२९ ऑक्टोबर रोजीं सुमारें हजार गिरणीकामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. सफाईचे कामगारच शहर सोडून गेले तर काय, ही धास्तीहि अधिकाऱ्यांस होती. दुसऱ्याच दिवशीं जाहीरनामा सौम्य करण्यांत आला. पुढें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत मुंबईची प्लेगव्यवस्था नगरपालिकेकडून जनरल गॅटेकर यांच्या कमिटीकडे गेली. पुण्यास रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या झाल्या. त्याचा शेवट २२ जूनच्या गोळीबारांत झाला. मार्च १८९८ मध्यें मुंबईंतहि दंगे उसळले, आणि त्यानंतर सरकारास आपलें धोरण नरम करावें लागलें.

याचा अर्थ सक्ती मुळींच नको होती असा नव्हे. ती भलत्या ठिकाणीं झाली. उंदरांवरील पिसवांमुळें प्लेग पसरतो, हें पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ सालीं दाखविलें, आणि पुढें तें सर्वमान्य झालें. म्हणजे धान्याच्या वखारी, उंदरांनीं पोखरलेलीं घरें व दाट वस्ती, हींच खरीं रोगाचीं ठाणीं. आणि शांततेच्या काळांत मालकावर चालवावयाच्या ज्या कलमांकडे कानाडोळा झाला, तींच खरीं उपयोगाचीं होतीं.

१८९७ चा तो कायदा २०२० सालीं करोनाच्या साथींत पुन्हा हातीं घ्यावा लागला, म्हणून हा जुना हिशेब अप्रस्तुत नव्हे. आरोग्याधिकाऱ्याची सत्ता बलवानाच्या मिळकतीपाशीं अडखळली, कीं संकटकाळीं ती दुर्बळाच्या देहावर कोसळते. मग लोक रोगाइतकेंच आरोग्यखात्यालाहि भिऊं लागतात, रोगी लपवितात, आणि ज्या विश्वासावर सारी व्यवस्था उभी राहावयाची, तोच नाहींसा होतो.