सातबारा ऑनलाइन झाला, चावडीचं काय झालं?

"डिजिटलायझेशनमुळे नागरिकांचा सहभाग वाढला का?" असा विषय घेऊन पीएच.डी.ला अर्ज करायच्या विचारात असाल, तर आधी तो लहान करा. इतका लहान, की एका गावाच्या दप्तरात मावेल. कसं, ते आज दापोड्याचं उदाहरण घेऊन पाहू.

दापोडे हे भिवंडी तालुक्यातलं गाव. हा सगळा पट्टा एकेकाळी भातशेतीचा होता, आता गोदामांचा आहे. मुंबई जवळ, नाशिक महामार्ग लगत आणि मुंबईच्या जकातीची हद्द अलीकडेच संपलेली, म्हणून व्यापाऱ्यांनी इथे माल ठेवायला सुरुवात केली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं काही गेली नाहीत. शेताचा असा भाव चढतो, तेव्हा सातबाऱ्यावर आपलं नाव आहे की नाही यावर घराचं पुढचं सगळं ठरतं.

आता थोडं मागे जाऊ. 1835 नंतर इंदापूरपासून जी मोजणी आणि जमाबंदी झाली, तिला मुख्यतः एकच गोष्ट हवी होती: सारा कोण भरणार? जमिनीत कोणाकोणाचा हक्क आहे हे पद्धतशीर लिहायला मुंबई इलाख्यात 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यापासून सुरुवात झाली. स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतन गेलं, पगारी तलाठी आला. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो तो गाव नमुना 7 (हक्क) आणि गाव नमुना 12 (पिकं) यांचा एकत्रित उतारा.

पण सहभागाचा अभ्यास करणाऱ्याने सातबाऱ्यापेक्षा गाव नमुना 6 पाहावा, म्हणजे फेरफार नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 150 सांगतं की नवी नोंद आली की तलाठ्याने तिची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचं. मग पंधरा दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. सरकारी कागदात सामान्य माणसाला "थांबा, हे बरोबर नाही" असं म्हणायची ही जागा आहे.

आता हीच नोटीस "आपली चावडी" या संकेतस्थळावर दिसते. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठी कार्यालयाच्या खेपा वाचल्या, हे खरंच मोठं काम झालं. पण त्याच्या आदल्याच वर्षी काय घडलं, ते बघा. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना चुका राहिल्या होत्या. नावं चुकली, क्षेत्र जुळेना. मग 2017 च्या उन्हाळ्यात सरकारने राज्यभर चावडी वाचन घेतलं. लोकांना जमवून उतारे मोठ्याने वाचायचे आणि चुका टिपायच्या. डिजिटल नोंद शुद्ध करायला शेवटी गावाचे कानच लागले!

म्हणून जुनी चावडी आदर्श होती असं समजू नका. तिथे कोण बसायचं? बायका क्वचितच. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बहिणीला फळ्यावरचा कागद दिसणार कसा? 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. गोदामांच्या गावात त्या हक्काची किंमत फार मोठी आहे, म्हणून हक्कसोडपत्राचा आग्रहही तितकाच. आज ती बहीण मोबाईलवर फेरफार पाहू शकते. पण कधी पाहायचं, सर्व्हे नंबर कोणता आणि पंधरा दिवस कधी संपतात, हे तिला आधी माहीत हवं. नोंद दिसणं वेगळं आणि वेळेत हरकत घेता येणं वेगळं.

मग मोजायचं काय? किती उतारे डाउनलोड झाले हा आकडा सहज मिळतो, म्हणून सगळे तोच वापरतात. त्यातून सेवेचा वापर कळतो, सहभाग कळत नाही. त्याऐवजी गाव नमुना 6-अ घ्या, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. ऑनलाइन होण्याआधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं समोरासमोर ठेवा. हरकती कोणी घेतल्या? त्यात स्त्रिया किती? गावाबाहेर राहणारे किती? माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अभिलेखांची पाहणी मागता येते.

इथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. हरकती कमी दिसल्या की "लोक समाधानी आहेत" असं लिहायचा मोह होतो. पण त्याचा अर्थ नोटीस कोणी वाचलीच नाही, असाही असू शकतो. नोंदवहीतली शांतता स्वतःहून काही सांगत नाही. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं, आणि ज्यांची नावं नोंदवहीत नाहीत त्यांच्याशीही बोलावं लागतं.

सुरुवात मात्र आजच करा. आपल्या गावाचे ताजे फेरफार उघडा, हरकतीची शेवटची तारीख पाहा आणि घरी विचारा की याबद्दल कोणाला काही माहीत होतं का. जे उत्तर मिळेल, तिथूनच तुमचा संशोधन-प्रश्न सुरू होतो.