सातबारावरचे जुने शब्द : खोत, कूळ, भोगवटादार

लावणी आटपली, आता कागदांचे दिवस. चतुर्थीला चाकरमानी आले की सातबारा हातोहात फिरतो. नाव सगळे बघतात, बाजूचे शब्द कोण वाचत नाही. खरी मेख तिथेच आहे.

आमचं धामापूरचं तळं १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधलं असं सांगतात. म्हणजे इथली शेती जुनी. पण कोकणात कसणारा एक आणि कागदावर दुसरा, हेही तेवढंच जुनं. बऱ्याच गावांत सरकार आणि शेतकरी यांच्या मधे 'खोत' होता. सारा गोळा करून भरणारा. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क कागदावर पक्के झाले. त्याच्या हाताखाली कसणारा तो 'कूळ'. अर्धेल, तिर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा-तिसरा वाटा घालायचा, वर वेठ वेगळी.

हे बदललं ते भांडून. १९३३ ला अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची शेतं कसायचं बंद केलं. संप सहा वर्षं चालला. १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला. मग १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा. आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी स्वतः कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं.

इथे नीट लक्ष द्या. 'मानलं गेलं' म्हणजे काम संपलं नाही. कलम '३२ ग' खाली किंमत ठरायची, ती भरायची, मग '३२ म' चं प्रमाणपत्र मिळायचं. मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर तारीखच पुढे जायची आणि कुळाने मुदतीत खरेदीची सूचना द्यायची. आजोबा म्हणायचे, "जमीन आमचीच आसा, कागद कित्याक होयो?" असे आजोबा घरोघरी. मग कुळाचं नाव 'इतर हक्क' मध्येच राहिलं आणि वर मालकाच्या वारसांची नावं चढत गेली. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी विचारलं नाही. आता किनाऱ्याला गिऱ्हाईक आलं, आणि भांडण उभं राहिलं.

दुसरा शब्द 'भोगवटादार', १९६६ च्या महसूल संहितेतला. वर्ग १ म्हणजे विकायला सरकारी परवानगीची आडकाठी नाही. वर्ग २ म्हणजे अट आहे. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची अट असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती जमीन शेतकऱ्याला विकता येते. आकार म्हणजे सातबारावरचा सारा, बाजारभाव नव्हे. काही रुपयांचा मामला, पण त्यावरून घाबरवून स्वस्तात जमीन घेणारे भेटतात.

आणखी एक. सातबारा हा मालकीचा जन्मदाखला नव्हे, ती महसुली नोंद. कायदा ती खरी धरतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा किंवा '३२ म' मधून.

म्हणून एवढं करा. सातबारावर गोलात फेरफार क्रमांक असतात. एकेक फेरफार काढून मागे मागे जा, १९५७ च्या आसपास काय लिहिलंय ते बघा. 'इतर हक्क' रकाना रिकामा आहे की तिथे कुणाचं नाव आहे? घरात '३२ म' चा कागद आहे का? नसेल तर तहसीलला विचारा. म्हातारी माणसं आहेत तोवर कुठला कुणगा कोण कसत होतं तेही लिहून घ्या. पुढे पुरावा लागला तर तेच कामाला येतं.