बोरघाट आणि ताणलेले चाक

बोरघाटाचा इतिहास म्हणजे रस्त्याचा आणि रुळांचा इतिहास, असे आपण धरून चालतो. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना 1830 साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि 1863 मध्ये लोहमार्ग थेट खंडाळ्यावर चढला. तोवर खोपोलीला उतरलेला प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट ओलांडत असे. या मार्गावर जे फिरले त्या चाकाबद्दल मात्र फारसे कुणी लिहिलेले नाही. कर्जत-खालापूरच्या वाटांवर दोन शतकांत चाकाचे रूप पार पालटले, पण ते उभे राहण्याचे कारण पालटले नाही, असे माझे म्हणणे आहे. ओझे येण्याआधीच चाकात बळ भरून ठेवावे लागते. ते कमी पडले किंवा असमान भरले, की आरे सैल होतात आणि दोष रस्त्याच्या माथी मारला जातो.

गाडीरस्त्याआधी घाटातला माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. 1778 च्या अखेरीस पुण्यावर चालून निघालेल्या इंग्रज फौजेचे बरेच दिवस तोफा वर चढवण्यातच गेले आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला तिला शरण यावे लागले. रस्ता झाल्यावर बैलगाड्यांची रीघ लागली आणि तिच्याबरोबर सुतार-लोहारांचे काम वाढले. लाकडी चाकाच्या मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे आणि या सगळ्यावर लोखंडी धाव. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात, तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. निवताना ती आकसते आणि पुठ्ठे, आरे, तुंबा यांना एकमेकांत घट्ट दाबून धरते. चाकाची खरी ताकद लाकडाच्या जाडीपेक्षा या दाबात असते. म्हणूनच या भागाचे हवामान त्याला छळणारे ठरते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लाकूड फुगलेले. चैत्र-वैशाखात तेच लाकूड वाळून आकसते, धाव ढिली होते, आरे खिळखिळे होतात. गाडीवान मग चाके पाण्यात भिजत ठेवतात. तो तात्पुरता उपाय आहे. चाक मुळात चांगले बसवलेले नसेल, तर भिजवून ते चांगले होत नाही.

सायकलच्या चाकात हाच हिशेब उलटा झाला. दाबाऐवजी ताण आला. जॉर्ज केली या इंग्रजाला ताणलेल्या आऱ्यांच्या हलक्या चाकाची कल्पना 1808 मध्ये सुचली होती. पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 मध्ये सायकलसाठी तारेच्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट घेतले आणि इंग्लंडात जेम्स स्टार्लीने पुढच्या दशकात ते रूढ केले. आपल्याकडे आधी विलायती सायकली आल्या. 1939 मध्ये वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 स्पोक ही इंग्रजी पद्धत आपल्या साध्या काळ्या सायकलींनी कायम ठेवली. एकेक तार बारीक. दाबली तर सहज वाकेल. पण चांगल्या बांधलेल्या चाकात तिच्यावर शंभरेक किलोचा ताण असतो, म्हणजे 32 तारांचे मिळून तीन टनांहून अधिक. स्वार बसला की जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा उतरतो, चाक फिरले की पुन्हा चढतो. ताण मुळात पुरेसा असेल, तर ही चढउतार तार निमूट सोसते. कमी असेल, तर तळाशी आलेली तार पुरती सैल पडते, तार रिमला आवळून धरणारे निपल आपोआप उलटे फिरू लागते आणि तार हबच्या भोकाशी, जिथे ती वाकवलेली असते तिथे, आतून झिजत जाऊन तुटते.

इथे पहिला आक्षेप येतो: खड्डे काय थोडे आहेत? आहेत, आणि त्यांनी रिम वाकते, हे मान्यच. पण खड्डा हा एका क्षणाचा घाव, तार मात्र हजारो फेऱ्यांनी थकते. मुंबई-पुणे सायकल शर्यत चौक, खोपोलीवरून बोरघाट चढते. घाटात सर्वांत पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. अंतर सुमारे 150 किलोमीटर. रेसिंग सायकलच्या चाकाचा परीघ 2.1 मीटरच्या आसपास धरला, तर प्रत्येक तार त्या एका दिवसात 70,000 हून अधिक वेळा सैल-घट्ट होते. रस्ता आरशासारखा असला तरी हा आकडा बदलत नाही. शिवाय खोपोलीच्या पुढे जड पायडलचा सगळा जोर मागच्या हबमधून तारांवरच येतो. दातऱ्यांना जागा देण्यासाठी मागच्या चाकाची एक बाजू उभट बांधावी लागते, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या तारांत ताण मुळातच कमी असतो. सैलपणा बहुधा तिथूनच सुरू होतो. घाट दोष निर्माण करत नाही, फक्त उघडा पाडतो.

दुसरा समज जास्त घातक: तार जरा ढिली असलेली बरी, धक्के खाते. धक्के खाण्याचे काम टायरमधल्या हवेचे आहे. त्यापुढे तारांची लवचीकता नगण्य. याच्याच जोडीला ‘आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, निघाला की चाक बरे झाले’ हाही समज आहे. चाक सरळ फिरत असूनही त्यात एक तार कडक आणि शेजारची मोकळी असू शकते. घाईने आउट काढताना हेच होते. चांगला कारागीर म्हणूनच फक्त डोळ्यांवर विसंबत नाही. तो एका बाजूच्या तारा छेडून त्यांचा सूर मिळता आहे का ते ऐकतो, जोडीजोडीने मुठीत दाबून बसवतो आणि मग चावी फिरवतो. यात वेळ जातो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते.

आता यंत्रावर बांधलेली, वीस-चोवीस तारांची चाके आली आहेत. यंत्र चूक करत नाही, मग कारागिराची गरज काय, असे विचारले जाते. यंत्र चाक सरळ करते, हे खरे. पण स्वस्त चाकात ताण अनेकदा कमी आणि असमान सोडलेला असतो. चाळीस तारांच्या चाकात एक तुटली तर स्वार घरी पोहोचत असे. वीस तारांच्या चाकात एक तुटली की रिम ब्रेकला किंवा चिमट्याला घासते. 2002 मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती महामार्गावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे मुंबईकडून येणारा प्रत्येक सायकलस्वार आजही खालापूर तालुक्यातून जुन्या रस्त्यानेच घाटाला भिडतो. नव्या चाकाचा ताण पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर जाणत्या हाताकडून पुन्हा तपासून घ्यायला हवा, आणि तो खोपोलीत पोहोचण्याच्या आधी.