वसईंतील जमिनीची नोंद : तोंबापासून फेरफारापर्यंत

जमीन विकत घेणें एका दिवसांत उरकतें. ती सरकारी वहींत आपल्या नांवावर चढणें ही गोष्ट निराळी आहे. या दोहोंतील अंतर वसईच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें फार थोड्या ठिकाणीं दिसत असेल.

ता. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यास तहानें दिला. पुढें १५५४ सालीं सिमांव बोतेल्यु या वित्ताधिकाऱ्यानें ‘तोंबो’ नांवाची वही तयार केली. गांवें फोर नांवाचा सारा भरण्याच्या कराराने, कांहीं तीन आयुष्यांपुरतीं, तर कित्येक युद्धप्रसंगासाठीं घोडा बाळगण्याच्या अटीवर, पोर्तुगीज सरदारांस दिलीं जात. अर्थात् या वहीचा हेतु राजाचें येणें मोजण्याचा होता; भात पिकविणाऱ्याचा हक्क टिपण्याचा नव्हता.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. मराठी मुलखांत मिराशीची खरेदी होई तेव्हां खरेदीखतावर पाटील, कुळकर्णी व गोत यांच्या साक्षी पडत. जमीन कोणाची हें सारा गांव जाणत असल्यामुळें कागद हरवला तरी मनुष्यें राहत. ही व्यवस्था गांव लहान व स्थिर असेतोंवर उत्तम होती.

इंग्रजी पाहणीनें प्रत्येक शेतास नंबर दिला. परंतु तिच्या दप्तरांत मुख्यतः सारा भरणाराचें नांव असे. भाऊबंद, गहाणदार, कुळें यांचे हक्क त्यांत नीट दिसत नसत. म्हणून मुंबई सरकारनें १९०३ सालीं हक्कनोंदणीचा कायदा केला, आणि १९१३ सालीं तोच १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यांत घातला. आज सर्वांच्या तोंडीं असलेला ‘सातबारा’ म्हणजे गांव नमुना ७ व १२ होय. नांव बदलण्याचें काम मात्र नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफाराच्या वहींत होतें.

खरेदी, वारसा किंवा वांटणी झाली कीं तिची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्यास द्यावी, तलाठ्यानें ती वहींत लिहावी, नक्कल चावडीवर लावावी व संबंधितांस नोटीस द्यावी, असा नियम झाला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि हाच क्रम आहे. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती तक्रारीच्या वेगळ्या वहींत उतरते व मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरचा अधिकारी चौकशी करून निर्णय देतो. नोंदणीकृत खतानें जमीन घेणारास वर्दी देण्याची कायदेशीर सक्ती नाहीं. दुय्यम निबंधकानें खबर कळवावयाची असते. तरीहि जाणता खरेदीदार स्वतः तलाठ्याकडे जाऊन येई, आणि तें शहाणपणाचेंच होतें; कारण दोन कचेऱ्यांमधील कागद वाटेंत किती दिवस मुक्काम करील याचा भरंवसा कोणी द्यावा?

येथें एक गैरसमज फार जुना आहे. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी मिळाली असें लोक समजतात. वस्तुतः शंभर रुपये वा त्यांहून अधिक किंमतीच्या स्थावराची मालकी नोंदणीकृत खतानें जाते; फेरफार ही महसुलासाठीं केलेली नोंद असून, उलट सिद्ध होईतोंवर ती खरी धरली जाते, इतकेंच. मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयांतच मिटतो. पण उलट चूक अधिक घातक आहे : खत करून वीस वर्षें नांव चढविलें नाहीं, म्हणजे जुन्या मालकाच्या मृत्यूनंतर त्याचे वारस आपलींच नांवें लावून घेतात, व दुसऱ्यास विकण्याचा मोह त्यांस होतो.

१९४८ च्या कूळकायद्यानें हा हिशोब पुन्हा पालटला. १ एप्रिल १९५७ या ‘कृषिदिनीं’ अनेक कुळें कसत्या जमिनीचीं मालक ठरलीं. शेतजमीन बिनशेतकऱ्यास विकण्यावर निर्बंध आला; पुढें त्यास अपवादहि झाले.

आतां वसईच्या भातखाचरांवर व वाड्यांवर चाळी आणि इमारती उभ्या आहेत. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०१४ सालीं तालुका ठाण्यांतून निघून पालघर जिल्ह्यांत गेला. सदनिका घेणारानें नोंदणी केली, तरी तिच्याखालील जमीन सोसायटीच्या नांवें होईतोंवर सातबाऱ्यावर जुना जमीनदार किंवा बांधकाम करणाराच राहतो. १९६३ च्या सदनिका कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन, विकासकानें हस्तांतरण टाळल्यास सोसायटीस सक्षम अधिकाऱ्याकडून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळविण्याची सोय झाली. त्या आदेशानंतर खताची नोंदणी करावी लागते, आणि मग सोसायटीचा अर्ज पुन्हा त्याच फेरफाराच्या वहीकडे जातो.